उधाणाचा नियम

रोह्याच्या एका कंपनीत मी प्रयोगशाळेत काम करते आणि नवरा शिफ्टमध्ये. त्याची सुट्टी रविवारी आली की आम्ही सकाळीच पेणला, रामवाडीत, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे जातो. ती आणि तिचा नवरा दोघेही शिक्षक आहेत. जेवणं उरकली की चौघं युद्धाला बसतो.

हा खेळ मी तयार केला. मोठ्या पुठ्ठ्यावर एक कल्पित देश रंगवला. त्यात डोंगराचं, रानाचं, मिठागरांचं आणि बंदराचं अशी चार राज्यं. सैन्य म्हणून चिंचोके, वाल, कवड्या आणि गुंजा. लढाया फाशांवर, आणि तह मात्र तोंडी, ज्याचे त्याने ठरवायचे. नकाशा रंगवायला फार दिवस लागले नाहीत. तहांनी माझा जीव खाल्ला.

सुरुवातीला तहांना काहीच बंधन नव्हतं. दोघे पुरुष तिसऱ्या फेरीतच एक व्हायचे आणि चहाची वेळ होईपर्यंत आम्हा दोघींची राज्यं नकाशावरून पुसली जायची. मग मी नियम केला, तह करणाऱ्याचं थोडं सैन्य कमी होईल. तर कोणी कोणाशी तहच करेना. चौघंही आपापल्या किल्ल्यात दडून बसलो. तासाभराने मैत्रिणीचा नवरा उठला आणि आत जाऊन चक्क झोपला. तो नियम मी तिथल्या तिथे खोडला.

पुढच्या खेपेला मैत्रीण माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भावोजी, तुम्ही खुशाल बंदरावर जा. तुमची पाठ मी राखते."

तो डोंगरावरचे सगळे चिंचोके घेऊन खाली उतरला, आणि हिने मागून त्याची राजधानी घेतली. तेव्हा तो हसला. पण परतीच्या गाडीत गप्प होता. संध्याकाळी निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगसाठी थांबली, तेव्हा मला राहवेना.

"एवढं काय लावून घ्यायचं? खेळच तर आहे."

"तिचं काय चुकलं?" तो म्हणाला. "तुझे नियमच तसे आहेत. शब्द मोडला की राज्य मिळतं, पाळला तर काहीच नाही. पुढच्या वेळी मीही तेच करणार."

मला वाटलं होतं तो रुसलाय. तो तर माझ्या खेळाचा विचार करत होता, आणि अगदी नेमकं बोलला होता. गाडी सुटेपर्यंत मी खेळाच्या नियमांची वही उघडून बसले, पण एक ओळ सुचली नाही.

त्यानंतरच्या रविवारी मैत्रिणीच्या सासूबाई तिथे होत्या. त्या वडखळपलीकडच्या, खाडीकाठच्या गावात राहतात. डोळे दाखवायला पेणला आल्या होत्या. बाजूला बसून भिजवलेले वाल सोलता सोलता त्या आमचा खेळ बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "इथं सगळी भांडतायत. मग बांधावर कोण हाय?"

"खेळात बांध नाही, आई," मी म्हणाले.

त्यांना हसू आलं. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या आणि शेजारच्या गावाच्या भातशेतीला खाडीकडून एकच बांध. एकदा मासे धरण्यावरून दोन्ही गावांचं बिनसलं. येणंजाणं बंद, लग्नाचं बोलावणं बंद. आणि अशात उधाणाच्या भरतीने बांध फुटला.

"मग गो काय, दोन्ही गावची माणसं चिखलात उभी. यानं ढेकूळ द्यायचं, त्यानं लावायचं. खारं पाणी आत आलं तर भात दोघांचाबी जातो."

"म्हणजे भांडण मिटलं?"

"नाय गो! बांध झाला, हातपाय धुतले, न् परत तोंडं फिरवली. पण त्या दिवशी कोणी कोणाला हात लावला नाय."

मी तिथेच नकाशावर निळ्या पेनाने बांध काढला. दर पाचव्या फेरीला उधाण, बांध टिकला की फुटला ते फाशांवर. बांध फुटला तर किमान दोन राज्यांचं सैन्य तिथे उभं राहायला हवं, नाहीतर चौघांचंही धान्य बुडेल. बांधावरच्या सैन्यावर कोणी हल्ला करायचा नाही. आणि तह मोडायचा असेल, तर एक फेरी आधी तोंडावर सांगायचं.

त्या दुपारी माझा नवरा आणि मैत्रीण हाडवैऱ्यासारखे लढले. पाचव्या फेरीला त्याचे चिंचोके आणि तिचे वाल बांधावर शेजारी शेजारी उभे राहिले. "पुढच्या फेरीला बघतो तुम्हाला," तो म्हणाला. "या की," ती म्हणाली. कोणी आत झोपायला गेलं नाही. चहा दोनदा झाला. कोण जिंकलं ते ठरायच्या आत आमच्या गाडीची वेळ झाली, तरी मला इतकं बरं वाटत होतं की हरले असते तरी चाललं असतं.

आता सासूबाई पेणला असल्या की मुलाला उठवून त्याच्या जागी त्या खेळतात. त्यांना रानाचं राज्य आवडतं. आम्हाला वाटलं होतं, त्या सांभाळून, समेटाने घेतील. पण तह मोडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. फासे मुठीत खुळखुळवत त्या माझ्याकडे बघून म्हणतात, "पुढच्या फेरीला मी तुझ्यावर येतंय गो. तयार रहा."

आणि येतात.