वैष्णवीला बाहेर का जायचं होतं

“हे कारण लिहिलंस तर कुठलीही युनिव्हर्सिटी तुला घेणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

“पण कारण हेच आहे,” वैष्णवी म्हणाली.

“असू दे. सगळ्यांचं काही ना काही असतं.”

मी समोर लॅपटॉप उघडून बसलो होतो. नाशिकच्या कॉलेज रोडवर परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणारी दुकानं आहेत. हो, दुकानंच. त्यातल्या या मॅडमच्या दुकानात मी एसओपी लिहितो. एसओपी म्हणजे ‘मला हाच कोर्स याच देशात का करायचाय’ हे सांगणारं विद्यार्थ्याचं निवेदन. सांगायचं त्याने, लिहितो मी. आधी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो. पोट भरेना म्हणून इथे आलो.

वैष्णवी पिंपळगाव बसवंतची. एमएस्सी केमिस्ट्री. द्राक्षं एक्स्पोर्टला जाण्याआधी त्यांच्यात फवारणीच्या औषधाचा किती अंश उरलाय ते तपासतात. ते तपासणारं मशीन तिच्या डिपार्टमेंटमध्ये आहे. भारी मशीन. त्यावर कायम कव्हर. कॉलेज तपासायला कमिटी आली की काढतात. आणि खंडेनवमीला.

“त्या दिवशी सर आम्हाला लवकर बोलावतात,” ती म्हणाली. “रांगोळी मीच काढते. मग मशीन पुसायचं, झेंडूचा हार घालायचा, स्विचला कुंकू लावायचं. फोटो झाला की परत कव्हर.”

“आणि प्रॅक्टिकल?” मी विचारलं.

“सर फळ्यावर रीडिंग देतात, आम्ही जर्नलमध्ये उतरवतो. चालू केलं आणि बिघडलं तर जबाबदार कोण, म्हणतात.”

तिने स्वतः लिहून आणलेल्या मजकुरात हे सगळं होतं. शेवटी: मला ते मशीन स्वतः चालवायला शिकायचं आहे. इतक्या एसओपी लिहिल्या, पण इतकं सरळ कारण वाचलं नव्हतं. मी म्हणालो, “मॅडम, हेच इंग्रजीत करतो.”

“आणि एलओआर?”

एलओआर म्हणजे प्राध्यापकाचं शिफारसपत्र. मजकूर आमच्या ऑफिसचा, सही सरांची. ही इथली रीतच आहे. त्यात ‘वैष्णवीने हे यंत्र स्वतंत्रपणे हाताळले आहे’ असं ठोकून दिलं होतं.

“मग ते वाक्य काढा,” मी म्हणालो.

“काढलं तर सर सही करतील? मशीन धूळ खातंय, असं स्वतःच्या सहीने कोण लिहून देतो रे?”

वैष्णवीचे वडील द्राक्षं पॅक करणाऱ्या पॅकहाउसवर सुपरवायझर आहेत. ते तिच्या शेजारीच बसले होते. म्हणाले, “आमच्या पॅकहाउसवाले हिला घेतो म्हणत्यात. काम काय, तर सॅम्पलच्या पिशव्यांना लेबलं चिटकवायची. तपासणार दुसरंच कोणी. एवढं शिकून ते करायचं का हिनं? मॅडम, तुमच्या रीतीत काय बसतं ते लिवा.”

वैष्णवी माझ्याकडे बघून म्हणाली, “लिहा दादा. जायला तर मिळू दे.”

मी लिहिलं. चकचकीत लिहिलं.

युनिव्हर्सिटीची मुलाखत आमच्याच केबिनमध्ये, व्हिडिओ कॉलवर झाली. तिकडच्या प्राध्यापिका चांगल्या होत्या, हसून बोलत होत्या. त्यांनी साधा प्रश्न विचारला. मशीन चालू असताना प्रेशर अचानक चढलं, तर तू आधी काय बघायचीस?

वैष्णवी म्हणाली, “मी ते कधी चालू केलेलं नाही.”

“मग अर्जात तसं का लिहिलं?”

“आमच्याकडे असंच लिहितात.”

नकाराचा मेल आला. अर्जातली माहिती आणि उत्तरं जुळत नाहीत, एवढंच त्यात होतं.

मॅडम माझ्यावरच उखडल्या. “प्रेशरचा प्रश्न मॉकमध्ये का घेतला नाहीस?” मॉक म्हणजे मुलाखतीची रंगीत तालीम. आता तो प्रश्न यादीत आहे. पुढची पोरं उत्तर पाठ करतील. मशीन त्यांनीही चालवलेलं नसेल.

वडिलांनी मला विचारलं, “मंग चूक कोणाची धरायची, सर?”

मी सिस्टिमबद्दल काहीतरी बोललो.

“सिस्टिम कुठं बसते ते सांगा. जाऊन भेटतो.”



मॅडम म्हणाल्या, “पुढच्या इनटेकला दुसरा देश बघू.”

“तेव्हा कारण कोणतं सांगायचं?” वैष्णवीने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

ती आता पॅकहाउसवर लेबलं चिटकवते. सर आहेत तिथेच आहेत, कॉलेजात आलेली कमिटी खूश होऊन गेली. आणि पुढारी भाषणात विचारतात, आपली हुशार पोरं बाहेर का जातात? या पोरीला इथे शिकवलं नाही म्हणून तिला बाहेर जायचं होतं. इथे शिकवलं नव्हतं म्हणूनच तिला बाहेर घेतलं नाही. यावर तोड मला सापडलेली नाही.

शिकण्यासारखं एवढंच. पोरांना कॉलेजात घालताना ‘लॅब दाखवा’ म्हणू नका. दाखवतात ते. चालू करून दाखवा म्हणा.