मेन, मोटर आणि दुसरा रिमोट

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दुकानांच्या ओळीत दुकान वाढवलं की प्रत्येकजण मेन पाडून घरी जातो. शटर ओढायचं, कुलूप घालायचं, मग जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन आपापला खटका खाली करायचा. फार पूर्वी ओळीतल्या कुठल्याशा दुकानात शॉर्टसर्किट होऊन कापडाचे गठ्ठे जळाले, तेव्हापासूनची ही रीत. ते दुकान नेमकं कुठलं हे आता कुणालाच सांगता येत नाही, पण मेन पाडल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही. सकाळी सगळं उलट्या क्रमानं. आधी शटर, मग उंबऱ्याला हात, मग सडा, आणि सगळ्यात शेवटी मेन. आमचे हे असेतोवर रोज असंच करायचे, आणि ते गेल्यावर मीही तसंच करत राहिले.

दुकान तसं लहानच. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल-पिको, आणि मागच्या अर्ध्या भागात माझी शिलाई. शिवणं मला येत होतंच, गिऱ्हाइकाशी बोलणं तर गरजेपेक्षा जास्त येत होतं. येत नव्हतं ते एकच, शटर उचलणं. माझा उजवा खांदा स्कूटरवरून पडून मोडलेला, जुळला तो वाकडाच. हात खांद्याच्या वर जात नाही. वेणीसुद्धा मी मान कलती करून घालते. आणि शटर म्हणजे जुनं धूड, कितीही तेल पाजा, जागचं हलायला तयार नाही.

शेजारी कुलरच्या सामानाचं दुकान आहे. तिथले भाई ह्यांच्या वयाचे, ह्यांचे मित्र. ह्यांच्यामागं रोज सकाळी तेच माझं शटर उचलून द्यायचे. "भाभी, बाजू को हो जाओ," म्हणायचे, खाली वाकायचे आणि एका दमात वर. मग रुमालानं हात पुसत आपल्या दुकानाकडं. उपकाराचा एक शब्द नाही. पण भाईंनाही घर होतं, दुखणीखुपणी होती. त्यांना उशीर झाला की मी डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसायची, आणि जाणारा-येणारा विचारायचा, "काय ताई, आज बंद का?" त्या 'बंद का'नं माझ्या अंगाची लाही व्हायची. राग भाईंवर नव्हता. माझ्याच हातावर होता, आणि तो हात मला टाकताही येत नव्हता.

त्यात माझे दीर. "वहिनी, ज्याला शटर उचलवत नाही त्यानं दुकान कशाला चालवायचं? भाड्यानं देऊन टाकू. तुम्ही घरी आराम करा." त्यांच्या डोळ्यासमोर मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण तयारच होता. दीर वाईट माणूस नाही. कुणाचं अडलं की पहिले धावतात. पण धावायची इतकी हौस, की दुसरा आपल्या पायानं चाललेला त्यांना बघवत नाही. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "भाऊजी, ज्या सकाळी मला माझं शटर उघडता येणार नाही, त्या सकाळी किल्ली तुमच्या हातात देईन. तोवर हा विषय नको."

बोलून बसले आणि मग शटरला मोटर बसवायच्या मागं लागले. ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्यात घातले. फिटर शेंद्र्याचा, तिथल्याच एका कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी शटरची कामं करणारा. त्यानं आधी दुकान आतून-बाहेरून बघितलं.

"आत यायला दुसरं दार हाय का, ताई?"

"नाही."

"मग ब्याटरी घ्यावीच लागंल. मोटर बसली की गिअर शटर धरून ठिवतो, माणसाला उचलायचं नाय ते. हातानं फिरवायची साखळी आतल्या अंगाला असती. लाईट गेली, ब्याटरी नसली, तर तुमी भाईर अन् साखळी आत."

"आणि बॅटरी असली की?"

"लाईट असली की मोटर लायनीवर पळती. लाईट गेली की ब्याटरी आपसूक उठती. फकस्त तिला चार्जिंग मिळू द्या."

मी मान डोलावली. मला वाटलं, लाईट तर दिवसभर असतेच की.

मोटरबरोबर दोन रिमोट आले. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि ते धूड माझ्यासमोर गुमान गुंडाळत वर गेलं, तेव्हा मला भर रस्त्यात रडू आलं. अर्धी ओळ बघायला जमली होती. भाई म्हणाले, "लो भाभी, हमारी नौकरी गई," आणि सगळे हसले. दीरही आले होते. ते म्हणाले, "एक रिमोट आमच्याकडं राहू द्या, अडीअडचणीला." मी दुसरा रिमोट शिलाई मशीनच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला.

मग काही महिने काही बघावं लागलं नाही. डबा हातात, रिमोट पर्समध्ये, मी येईन त्या वेळेला दुकान उघडं.

मग तो लाईटीच्या दुरुस्तीचा दिवस आला. सकाळी शटर उघडलं आणि थोड्याच वेळात सगळ्या भागाची लाईट गेली, ती संध्याकाळी दुकान वाढवेपर्यंत आलीच नाही. वैजापूरच्या एका नवरीचे ब्लाउज दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. दाराच्या उजेडात, पायाच्या मशीनवर बसून ते पुरे केले. संध्याकाळी ओळीतल्या कुणाकडंच लाईट नव्हती, पण माझं शटर बॅटरीवर ऐटीत खाली आलं, आणि मी उगाच इकडं-तिकडं बघून घेतलं.

दुसऱ्या सकाळी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं, जवळ जाऊन दाबलं, रिमोट हातावर आपटून दाबलं. आत साधी खुटखुटही नाही. शेजारी भाईंच्या दुकानात तर पंखा गरगरत होता, म्हणजे लाईट आलेली होती. भाईंनी सवयीनं खाली वाकून शटरला हात घातला. गिअरनं धरलेलं, तसूभर हललं नाही. फिटरला फोन लावला तर तो पाळीवर होता, फोन उचलेना. तेवढ्यात नवरीची आई वैजापूरहून गाडीतून उतरली. कुणीतरी ओळीतूनच कळवलं असावं, पाठोपाठ दीर हजर झाले. आणि एकटे नाही, मोबाईल-कव्हरवाल्याला घेऊन.

"मोटर जळाली असणार," दीर म्हणाले. "आधी निदान भाई तरी उघडून द्यायचे, आता कुणालाच उघडता येत नाही. ग्राइंडर मागवतो, पट्ट्या कापून काढू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, तुम्ही शब्द दिलेला आहे."

शब्द मीच दिला होता, नाकारायचा प्रश्नच नव्हता. पण सकाळ अजून संपली नव्हती. मी म्हणाले, "भाऊजी, पट्टीला हात लावायचा नाही. मला बसू द्या." आणि त्याच जुन्या पायरीवर जाऊन बसले. नवरीची आई शेजारी येऊन टेकली.

बसून मी कालची संध्याकाळ आठवायला लागले, एकेक टाका उसवावा तशी. लाईट नव्हती. बटण दाबलं. शटर आलं. पर्स काखोटीला मारली. जिन्याखाली गेले. आणि मग माझा डावा हात डोळ्यासमोर आला, खटका खाली ओढणारा. सगळ्या उस्मानपुऱ्यात लाईट नसताना मी नेमानं मेन पाडला होता.

मी ताडकन उठले. म्हणजे इतके महिने रोज हेच चाललं होतं. रोज मी मेन पाडून जात होते, रोज सकाळी मेन वर करायच्या आधी शटर उघडत होते. मोटर सकाळी एकदाही लायनीवर चालली नव्हती, बिचारी बॅटरीच रोज ओढत होती, आणि दिवसा चार्ज होऊन भागवत होती. काल दिवसभर तिच्या पोटात काही गेलंच नाही.

"कुठं निघालात?" दीरांनी विचारलं.

"मेन वर करायला."

"शटर उघडायच्या आधी?" हे ओळीतलं दुसरंच कुणीतरी म्हणालं, आणि खरंच दचकून म्हणालं.

जिन्याखाली गेले आणि डाव्या हातानं खटका वर केला. परत आले. सगळे बाजूला झाले. मी बटण दाबलं. आत मोटरनं घरघर केली आणि शटर वर जायला लागलं. नवरीच्या आईनं शांतपणे चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि माझ्या आधी आत गेली. कव्हरवाला केव्हा निघून गेला ते मी बघितलंच नाही.

पुढच्या सुट्टीला फिटर आला आणि पोट धरून हसला. "शेंद्र्याला शेडचा मेन कोन पाडतंय ताई? म्हून मी इचारलंच नाय." त्यानं मोटरला वेगळी लाईन आणि वेगळा खटका दिला. आता दुकानाचा मेन मी पाडते, मोटरचा नाही.

त्या दिवसांत माझ्या एक लक्षात आलं. मोटर बसल्यापासूनही भाई रोज माझ्या येण्याच्या वेळेला रुमाल घेऊन बाहेर येत होते, आणि शटर वर गेलं की आत वळत होते. मी खण उघडला आणि दुसरा रिमोट त्यांच्या हातावर ठेवला.

"मेरे पास कायको, भाभी?"

"मला ताप आला, गावाला जावं लागलं, तर उघडत जा. दुकान बंद दिसायला नको."

त्यांनी तो खिशात ठेवला आणि वरून एकदा हात फिरवला.

पुढं एका सणाला दीर घरी आले होते. जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, तो दुसरा रिमोट कुणाकडं असतो?"

मी त्यांना पोळी वाढली आणि म्हणाले, "ज्यानं रोज माझं दुकान उघडून दिलं आणि एकदाही मागितलं नाही, त्याच्याकडं."