दोष व्होल्टेजचा

उदगीरला माझ्या स्टार्टर-पाइपच्या दुकानासमोर एक कारागीर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. तारेचे वेढे कानडीत मोजतो, ओंदु, एरडु, मूरु, आणि मधे कुणी बोललं तर नुसतं बोट वर करतो. आकडा चुकला की सगळी तार उकलून पुन्हा पहिल्यापासून. रविवारी तो चर्चला जातो, म्हणून दुपारपर्यंत दुकान बंद, ऐन हंगामातसुद्धा.

आमच्याकडं मोटार जळली की दोष व्होल्टेजचा. दुकानदारांना हा शब्द फार सोयीचा आहे.

परवा एक म्हातारा शेतकरी त्याच्याकडून आठ दिवसांपूर्वी भरून नेलेली मोटार जळाली म्हणून परत घेऊन आला. त्याच्या दुकानात गर्दी होती. मीच मदतीला धावलो, "व्होल्टेज लई कमीजास्त होऊन राहिलंय, मामा."

त्यानं मोटार उघडली, आतली तार बोटानं चाचपली.

"व्होल्टेज न्हाई, मामा. तारंवरचं वार्निश वाळू दिलं न्हाई, मी घाई केली. चूक माझी हाय."

दोन गिऱ्हाइकं आपापल्या मोटारी उचलून चालती झाली. मी चिडलो, "कशाला बोललास?"

"येशूला माझं सगळं ठाऊक हाय, तरी त्यानं मला टाकलं न्हाई. मग मानसाला कशाला भ्यायचं? मोकळा हाय मी, शेट."

काल एकजण माझ्याकडून नेलेला स्टार्टर जळाला म्हणून आला. माल हलका होता, हे मला ठाऊक होतं. व्होल्टेज हा शब्द अगदी जिभेवर आला होता. समोर तो वेढे मोजत होता, त्यानं मान वरसुद्धा केली नव्हती. तरी मला तो शब्द उच्चारता येईना.