गोकुळातच थांबलेली गोष्ट

माईचं शिवणाचं मशीन आणि माझं इस्त्रीचं दुकान यांच्यामध्ये एकच पातळ भिंत. त्यामुळे तिनं भाचीला सांगितलेल्या कृष्णाच्या साऱ्या गोष्टी मला फुकटात ऐकायला मिळाल्या. भाची म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. नवरा गेल्यावर बहीण नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि बस्तान बसेपर्यंत म्हणून तान्हं पोर माईच्या मांडीवर ठेवून गेली. बस्तान बसेपर्यंत पोरगी शाळेत जायला लागली होती.

माई शाळांचे गणवेश शिवायची आणि पोरगी मशीनजवळ चिंध्यांत बसायची. गोष्ट मशीनच्या चालीनं चालायची. सरळ शिवण असली की कृष्ण लोणी घेऊन धूम ठोकायचा. काज करायला घेतलं की यशोदा त्याला सावकाश उखळाला बांधायची, आणि दोरी दर वेळी दोन बोटं कमी पडायची. कालियाच्या फण्यावर तो नाचायला लागला की पोरगी टाळ्या पिटायची. शेवट मात्र ठरलेला. संध्याकाळी गाई परतायच्या, मागोमाग कृष्ण, आणि यशोदा त्याला पोटाशी धरायची.

"आणि मोठा झाल्यावर?" पोरगी विचारायची.

"मोठा झाला तरी घरीच येतो. जातोय कुठे?"

मला राहवेना. माझी जीभ तशी फटकळच. एकदा पोरगी शाळेत गेलेली बघून मी म्हणाले, "माई, अक्रूर रथ घेऊन येतो, कृष्ण मथुरेला जातो. कंसाला मारतो, पुढे द्वारका वसवतो, पण गोकुळात राहायला परत येत नाही. नुसता उद्धवाला निरोप देऊन पाठवतो. ते कधी सांगणार तिला?"

"तुझ्या जिभेला काही हाड?" माईनं दातानं दोरा तोडला. "लहान आहे ती. सांगेन."

मला तिचा रागच आला. मूल देवकीचं आहे हे यशोदेला ठाऊकच नव्हतं, बिचारी झोपेत होती. माईला सगळं ठाऊक होतं. बहिणीनं नवं घर घेतलं, तिथल्या शाळेत पोरीचं नाव घातलं, न्यायला कधी येणार तेही कळवलं. तरी माईचा कृष्ण रोज संध्याकाळी घरी.

बहीण आली त्या दिवशी माईनं पोरीला नवा फ्रॉक घातला. वाढत्या अंगाचा, खाली चांगला वीतभर दुमडलेला. उसवत नेला तर दोन-तीन वर्षं सहज पुरला असता.

"आईकडे जाऊन ये हं," माई म्हणाली. "संध्याकाळी गाई परततात की नाही?"

"मग मी पण!" पोरगी म्हणाली आणि उड्या मारत गाडीत बसली. मागे वळून बघायची तिला गरजच वाटली नाही. माई दारात उभी राहून हसत हात हलवत होती.

मग बहिणीचे फोन सुरू झाले. पोरगी रोज संध्याकाळी बूट घालून जिन्यात बसते. जेवायला ये म्हटलं तर म्हणते, मला घरी जायचंय. "ताई, तूच समजाव गं तिला." माई दर वेळी म्हणायची, "उद्या बोलते."

एक दिवस फोन पोरीनंच केला. मी इस्त्रीचे गणवेश द्यायला गेले होते. माईचे हात कामात, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"माई, आज आईनं पुढची गोष्ट सांगितली. कृष्ण परत आलाच नाही."

माईनं मशीन थांबवलं.

"तुला माहीत होतं?"

"हो गं बाळा."

"मग मला का नाही सांगितलंस? मी निघताना तुला मिठीसुद्धा नाही मारली."

पलीकडून फोन बंद झाला. माईनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. कोणी उचलला नाही. मी गणवेशांची थप्पी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले.

"यशोदेला रडत रथामागे धावता तरी आलं गं," माई म्हणाली. "मी पोरीलाही निघताना रडू दिलं नाही."