हिरूबायचा डावा हात

हिरूबाय दिसायच्या आधी ऐकू यायची. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून ती मासळीची पाटी घेऊन निघाली, की तिच्या दागिन्यांची छुमछुम आमच्या आळीत आधी पोचे. गळ्यात मस्कतची चांदीची पेटी. डाव्या हातात कोपरापर्यंत एडनचा घुंगरी वाळा, झांजिबारचं हस्तिदंती कडं, रंगूनचं हिरव्या दगडाचं कंकण. उजवा हात मात्र ओकाबोका. पुण्याहून नुकतीच शाळेत रुजू झालेल्या मला वाटे, हौस दोन हातांची आणि ऐपत एकाच हाताची.

तिचा नवरा पोशा मोठ्या बोटीवर खलाशी. प्रत्येक बंदरातून तो एक दागिना आणायचा, पण नवा आणला तर त्याची धडगत नसे. "नव्याला काय ठाव हाय?" ती म्हणायची. "जुन्यानं चार बायांचा संसार बगितलाय." झांजिबारच्या कड्याची मालकीण म्हणे फार भांडखोर, ते हातात असलं की हिरूबायला भाव करायला जोर चढे. मी पोट धरून हसायची आणि दोन कोलंब्या जास्त मागून घ्यायची.

माझ्या आजीच्या चांदीच्या गोठावर तिचा डोळा होता. "त्यो बोलतो गो बाय," म्हणायची. मी हिवतापाने पडले तेव्हा आठ दिवस तिने मला पेज भरवली. बरी झाल्यावर मी ठरवलं, गोठ हिचाच. ती पाटी डोक्यावर घेऊन, डाव्या हाताने सावरत निघाली होती. मी तिचा मोकळा उजवा हात धरला आणि गोठ चढवला.

तिचं हसू मावळलं. पाटी उतरवून तिने गोठ काढला, उंबऱ्यावर ठेवला आणि पाटी उचलून निघून गेली.

शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, कोळणी उजव्या हाताच्या बांगड्या लग्नातच दर्याला देतात. तो हात दर्याचा. बदल्यात दर्या नवऱ्याला राखतो. आणि तिचा पोशा अजून बोटीवरच आहे ना?"

मी मुलांना शास्त्र शिकवत होते. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते, हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. तरी पुढचे नऊ दिवस मी रोज सकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहिले, मुंबईच्या लाँचमधून पोशा उतरतो का बघत. हिरूबाय फिरकली नाही. मला अन्न गोड लागेना. खरं सांगते, फार घाबरले होते मी.

दहाव्या दिवशी आळीत छुमछुम आली. दारात हिरूबाय, आणि मागे डोक्यावर तिचीच पाटी घेतलेला, लाजून चूर झालेला पोशा.

"ह्यो बग, आला. आता दे तो गोठ," म्हणत तिने डावा हात पुढे केला. मनगटाशी जागा केलेली होती. "एडनच्या बाईला बोलले, जरा सरक, पुन्याची आजी येतेय."

काढलेला वाळा तिने माझ्या हातावर ठेवला. "तुला कुठला बी हात चालंल. तू शिकलेली हायेस."

हिरूबाय जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाळा मी रोज घालते. आमच्या घरात आजवर कुणी साध्या होडीतसुद्धा पाय ठेवलेला नाही. तरी तो मी डाव्याच हातात घालते.