गाडीचे वारस

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागलो की माझं डोकं तापतं, आणि मग मला कुणी हसलेलं चालत नाही. इतकी वर्षं झाली, तरी रस्त्यात पांढरी ॲम्बॅसेडर दिसली की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. सुमन, म्हणजे आमची बायको, लगेच म्हणते, "अहो, पाणी घ्या थोडं." पाणी काय घ्यायचं? हातातोंडाशी आलेली गाडी गेली ती गेलीच ना. आणि गेली कुणामुळे? थांबा, क्रमानं सांगतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा पनवेलात एका वकिलांकडे हेडक्लार्क होतो. न्हावा शेवाचं बंदर नुकतंच सुरू झालं होतं. आसपासच्या गावांत जमिनींचे पैसे आले होते आणि पैशांच्या मागोमाग भावाभावांतली भांडणं. सातबारा, वारसनोंद, हक्कसोड, दिवसभर हेच. वकीलसाहेब कोर्टात बोलायचे, पण कागद माझे. एका भावानं व्यवहार केला आणि मागाहून बाकीची भावंडं उभी राहिली, अशी प्रकरणं मी इतकी पाहिली होती, की कुणी रस्त्यावर केळी विकत असला तरी विचारावंसं वाटे, बाबा, तुला भाऊ किती?

गाडीचं खूळ सुमनचं. तिची आई माणगावला. गुडघे पार गेलेले, एसटीची पायरी चढता येत नाही. दोन वर्षं सासूबाई लेकीच्या घरी आल्या नव्हत्या. तेव्हा सुमननं मला न विचारताच आईला कळवून टाकलं, की यंदा गणपतीला आम्ही तुला आमच्या गाडीनं आणतो. आमच्या! घरात तेव्हा सायकलसुद्धा नव्हती. पण एकदा आईला शब्द दिल्यावर सुमन मागे हटते होय?

चौकशी करता करता जासईचे धर्माजी घरत भेटले. जमिनीच्या पैशातून त्यांनी हौसेनं ॲम्बॅसेडर घेतली होती. आता बंदरात ट्रेलर लावायचा म्हणून ती विकायला काढली होती. गाडी ठणठणीत. टपावर दोन कोंबड्या बसल्या होत्या, त्या उठवल्या, एक चक्कर मारली आणि सौदा ठरला. नारळही फोडला.

आता ऐका हं. धर्माजी हा इतका सरळ माणूस, की आरसी बुक, विम्याचा कागद आणि नाव बदलायचे फॉर्म, सगळं त्यानं सही करून माझ्यापुढे ठेवलं. बुकात नाव एकट्या धर्माजीचं. दुसऱ्या कुणीही पैसे मोजून ते कागद पिशवीत टाकले असते आणि गाडीत बसून घर गाठलं असतं.

मी चष्मा पुसला आणि विचारलं, "धर्माजी, गाडी कुठल्या पैशातून घेतलीत?"

"जमिनीच्या, साहेब."

"जमीन कुणाच्या नावावर होती?"

"बापाच्या."

"मग बाकीचे हिस्सेदार?"

धर्माजी माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, गाडी हाय ही. गाडीला काय सातबारा असतो?"

"सातबारा नसतो हो, पण वारस असतात. उद्या कुणी माझ्या दारात उभं राहायला नको. भावंडांकडून ना हरकत घ्या. मी कागद करून आणतो."

आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो, तिथंच त्याचा धाकटा भाऊ काशिनाथ जाळं दुरुस्त करत बसला होता. तोवर त्यानं मान वर केली नव्हती. आता केली. त्या मान वर करण्याकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. पण मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. घरी गेल्यावर सुमनला म्हणालोसुद्धा, "बघ, याला म्हणतात पक्कं काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथ ऑफिसात हजर. इस्त्रीचा शर्ट घालून.

"साहेब, तुमी काल जे बोललात ते मना पटलं."

"कुठलं?"

"गाडीत माजा हिस्सा हाय ते. हिस्सा हाय तर मी सही कनाला देऊ?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, हिस्सा आहे असं कुठं म्हणालो मी? हरकत नाही एवढंच लिहून द्यायचंय तुला."

"पन हरकत हाय ना," तो शांतपणे म्हणाला. "आदी नव्हती. तुमी विचारल्यावर झाली."

वकीलसाहेब आतून ऐकत होते. ते फाइल तोंडापुढे धरून हसत होते, हे मला फाइल हलत होती त्यावरून कळलं. एरवी या माणसाला माझ्या कागदांशिवाय कोर्टाची पायरी चढता येत नव्हती, आणि आता हसतोय.

पुढे महिनाभर काशिनाथनं माझा अंत पाहिला. कधी म्हणे निम्मे पैसे द्या, कधी म्हणे मला दादाच्या ट्रेलरवर कामाला लावा, कधी म्हणे विचार करतो. गणपती जवळ येत चालले. सुमन जेवायला वाढताना काही बोलेनाशी झाली, आणि ती बोलत नाही तेव्हा मला जेवण जात नाही. शेवटी मी ठरवलं, आता एकदाच सगळ्यांना समोरासमोर बसवायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा. रविवारी मी आणि सुमन जासईला गेलो. मी कागद तयार करून नेला होता, शाईचं पॅड नेलं होतं आणि राग तर भरपूर नेला होता.

ओट्यावर धर्माजी, काशिनाथ, गावातले सगळे ज्यांना मानतात ते म्हातारे नाना, आणि चिर्ल्याला दिलेली या दोघा भावांची बहीण ताराबाई. ताराबाई म्हणजे गाय. आल्या आल्या म्हणाली, "मना काय बी नको. दादाचं काम व्हावं. अंगटा कुटं लावायचा ते सांगा."

मी पॅड उघडलं. तिनं अंगठा शाईत बुडवला. आणि नेमका तेव्हा काशिनाथ म्हणाला, "तिचा घेवा. पन माजा हिस्सा मी सोडनार नाय."

बास. माझा तोल गेला.

"थांबा, ताराबाई," मी ओरडलो. तिचा हात कागदावर येता येता तसाच वर राहिला. "काय रे काशिनाथ, हिस्सा हिस्सा काय लावलंयस? गाडी म्हणजे काय वावर आहे, बांध घालायला? चार चाकं वाटून घेणार आहेस? आणि हिस्साच काढायचा म्हटलास, तर आधी या बाईचा काढावा लागेल. जमिनीच्या वेळी बहिणीला काय दिलंत?"

काशिनाथ खाली बघत म्हणाला, "लुगडं दिलं. जेवान घातलं."

"लुगडं! बापाची एवढी जमीन आणि लेकीला एक लुगडं? ती काय या घरात जन्मली नव्हती? तुम्ही दोघांनी घरं बांधलीत, गाडी घेतलीत, आणि ही चिर्ल्याला पत्र्याखाली राहते. ती आजही न वाचता अंगठा द्यायला बसली आहे, आणि तू हिस्सा सांगतोस?"

मला वाटलं होतं, एवढं झोडपल्यावर काशिनाथ शरमेनं सही करून टाकेल. माझा डाव तो होता. देवाशप्पथ सांगतो, माझ्या मनात ताराबाईबद्दल तोवर काडीचा विचार नव्हता. पण बोलताना माझा आवाज असा काही लागला होता, की शेजारच्या ओट्यांवरची माणसं गोळा झाली. दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. ताराबाई तर शाईचा अंगठा हवेत धरून ढसाढसा रडायला लागली. धर्माजी रडायला लागला. मग काशिनाथही. आणि मला पुढे काय होणार ते दिसायला लागलं.

नाना उठले. "साहेब शिकलेला मानूस हाय. आमच्या तोंडावर खरं बोलला. आमची चूक झाली. जमीन गेली, पैसं बी गेलं. गाडी तेवडी उरली हाय. ती ताराला द्या."

"अहो नाना," मी म्हणालो, "गाडी मला विकलीय. नारळ फोडलाय."

"तुमचाच न्याय हाय साहेब," नाना म्हणाले. "आता तुमीच मोडनार?"

सांगा, स्वतःच्या तोंडानं केलेल्या वकिलीविरुद्ध कुठं अपील करायचं?

आईबरोबर आलेला ताराबाईचा मुलगा ड्रायव्हर होता. त्यानंच आम्हाला त्या गाडीनं पनवेलला सोडलं. मागच्या सीटवर मी खिडकीबाहेर बघत बसलो. सुमन म्हणाली, "फार छान बोललात हो आज." मी काच खाली करायला लागलो. ती पुढे म्हणाली, "जरा वाईट बोलला असतात तर बरं झालं असतं."

एवढ्यावर सुटलो असं वाटलं? गाडी ताराबाईच्या नावावर करायची, कागदपत्रातलं कुणाला काही कळत नाही, मग कुणाला बोलवायचं? साहेबांना. मीच त्यांना घेऊन पेणला आरटीओत गेलो. मीच फॉर्म भरले. 'खरेदी घेणाऱ्याचं नाव' या ओळीपुढे माझं नाव लिहायचं मी मनातल्या मनात किती वेळा घोटलं होतं. तिथं मी माझ्याच पेनानं चिर्ल्याच्या ताराबाईंचं नाव लिहिलं. बाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंटनं कागद पाहिले, माझं ते ना हरकत पत्र उलटसुलट केलं आणि परत दिलं. "हे कशाला, साहेब? बुकात ज्याचं नाव त्याची सही, झालं काम." त्या पत्राचे तुकडे करून मी तिथंच गटारात टाकले. एजंट घाबरून टेबलासकट मागे सरकला.

गणपती आले. सासूबाईंना आणायचं कसं, हा विषय मी काढला नाही आणि सुमननंही काढला नाही. मला वाटलं, विसरली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी दारात हॉर्न वाजला. बाहेर पाहतो तर तीच पांढरी ॲम्बॅसेडर. चालवायला ताराबाईचा मुलगा, पुढच्या सीटवर नवीन लुगड्यातली ताराबाई, आणि मागे पाय लांब करून आमच्या सासूबाई. सुमननं परस्पर चिर्ल्याला निरोप धाडला होता. मायलेकरं पहाटेच माणगावला जाऊन सासूबाईंना घेऊन आली होती.

मी मुकाट्यानं पाकीट काढलं. ताराबाईनं कानाला हात लावला. "तुमच्याकडनं पैसं? तुमी होतात म्हनून मना गाडी मिलाली."

सासूबाई सुमनच्या खांद्यावर हात ठेवून उतरत होत्या. त्या थबकल्या. "म्हणजे? गाडी यांची नाही?"

"नाय वो आजी, माजी हाय," ताराबाई कौतुकानं म्हणाली. "या साहेबांनीच मिलवून दिली. पेनला जाऊन माज्या नावावर बी करून दिली."

सासूबाईंनी ताराबाईकडे पाहिलं, तिच्या नव्या लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परक्या बाईला गाडी घेऊन दिलीत, जावईबापू? आणि माझ्या लेकीला?"

मी सुमनकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं, एका वाक्यात सांगता आलं असतं. ती आईची पिशवी उचलून आत निघून गेली.

आमचा गणपती दीड दिवसाचा. सासूबाई मात्र अनंत चतुर्दशीपर्यंत राहिल्या, आणि जो कुणी घरी येई त्याच्यासमोर मला हेच विचारत राहिल्या.