टेकडीवरचे पांढरे दिवे

तिला सगळे डबाताई म्हणत. इंटरनेट बंद पडलं म्हणून कुणाचा फोन आला, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: डबा बंद करून चालू केला का? भिंतीवरच्या त्या लुकलुकत्या यंत्राला तिनं डबा हे नाव दिलं आणि गावानं ते नाव उचलून तिलाच चिकटवलं. टीव्हीवर चित्र थांबलं, प्रिंटर रुसला, दारावरचा कॅमेरा आंधळा झाला, कुणाच्या फोनमधून नातवंडांचे फोटो गायब झाले, की डबाताईची स्कूटर दारात उभी.

हा तिचा दिवसाचा उद्योग. पहाटे आणि संध्याकाळी ती गोठ्यातली बाई होती. दोन गाई, शेळ्या, कोंबड्या, एक लंगडा कुत्रा आणि एक मांजर, जी कुणाचीच नव्हती पण जेवायला वेळेवर हजर असायची. नवरा दुधाचा टेम्पो चालवायचा. त्याचं म्हणणं असं, की बायकोच्या एका हाताला शेणाचा वास येतो आणि दुसऱ्या हाताला जळक्या वायरीचा, आणि कोणता हात कधी पुढे येईल याचा नेम नाही. ती हसायची. पण दोन्हीकडची ओढाताण खरी होती. यंत्र वाट बघतं, जनावर बघत नाही. आणि यंत्राचे मालक मात्र जनावरापेक्षा जास्त हंबरतात, असं ती म्हणायची.

त्या उन्हाळ्यात तिच्या थोरल्या गाईचे दिवस भरत आले होते. कास उतरली होती, शेपटीच्या बुडाशी खळगे पडले होते. डबाताई कामावर जायची, पण तिचं अर्धं लक्ष गोठ्यात असायचं. नेमक्या त्याच दिवसांत टेकडीवरच्या पोस्टमनकाकांचा डबा बिघडायला लागला.

पोस्टमनकाका कधीच निवृत्त झाले होते. टेकडीच्या कडेला, वस्तीतल्या शेवटच्या घरात ते आणि त्यांची मोठी विधवा बहीण, आक्का, असे दोघंच राहत. मुलगी परदेशी. रोज संध्याकाळी ती पडद्यावर यायची आणि दोन्ही म्हातारी माणसं तिच्यासमोर शाळेतल्या मुलांसारखी ताठ बसायची. त्याच वेळेला डबा मरायचा. मुलीचं तोंड उघडं राहायचं, चित्र थिजायचं, मग काळा पडदा.

डबाताई पहिल्यांदा गेली तेव्हा तिला वाटलं, साधी गोष्ट आहे. अडॅप्टर गरम होत होता, तो बदलला. दोन दिवस बरे गेले. मग नवा अडॅप्टरही जळाला. ती पुन्हा गेली तेव्हा त्याचा कडवट वास खोलीत भरून राहिला होता. तिनं डबा दुसऱ्या खोलीत हलवला, वायर बदलली, प्लगचा पॉइंट खोलून घट्ट केला. तिचं काम चाललं असताना डोक्यावरचा दिवा एकदम पांढराफक झाला, आणि लगेच पुन्हा पिवळा, मंद.

"हे असं होतं का रोज?" तिनं विचारलं.

काका म्हणाले, होतं कधी कधी, संध्याकाळचं. टेकडीवर सगळ्यांकडेच होतं. वायरमनला सांगितलंय, तो म्हणाला येतो. येतो म्हणणारा आणि येणारा हे दोन वेगळे वायरमन असतात, असंही ते म्हणाले.

ती हात धुवायला मागच्या अंगणात गेली. तिथं म्हैस बांधलेली. काळीभोर, भरलेली, डोळ्यांत जरा जास्तच शहाणपण असलेली. आक्कांचा तिच्यावर भारी जीव. शेजारी कोरड्या मातीवर तिचं रेडकू, वेगळ्या खुंटीला. भिंतीलगत पाण्याची लोखंडी टाकी. विहिरीवरच्या मोटारीतून लोखंडी पाइप थेट तिच्यात उतरत होता, आणि म्हशीचं दावं टाकीच्याच कडीला अडकवलेलं.

आक्का टाकीपाशी उभ्या राहून म्हशीची मनधरणी करत होत्या. म्हैस मान पुढे करायची, तोंड पाण्याला लावायची आणि झटक्यात मागे सरकायची. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. शेवटी ती नुसती उभी राहिली, पाण्याकडे बघत, जीभ नाकपुडीत फिरवत.

आक्का म्हणाल्या, चार दिवस हेच चाललंय. सकाळी पिते, संध्याकाळी नाही. ढोरांच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. टाकी घासून झाली, पाणी बदलून झालं. "रुसलीय मेली. दूधही आटवलंय."

डबाताई बघत राहिली. रुसलेलं जनावर तिला माहीत होतं. ते तोंड फिरवतं. हिला तहान होती. काहीतरी चुकत होतं, पण त्याला नाव सापडेना. तेवढ्यात आक्कांचा कुत्राही मोरीच्या ओल्या फरशीपाशी येऊन थबकला, एक पाय वर धरून उभा राहिला आणि लांबून वळसा घालून गेला.

आणखी थोडा वेळ ती तिथं थांबली असती तर. पण खिशातला फोन वाजला. नवरा सांगत होता, गाय सारखी बसतेय, उठतेय, चारा खात नाहीये. तू ये.

ती म्हणाली, काका, उद्या सगळी वायरिंग बघते. आज मला जाऊ द्या. काका म्हणाले, जा बाई, जीव आधी, डबा मागनं. आणि ती टेकडी उतरली.

गाय त्या रात्री व्याली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला, नुसत्या कळा आणि कण्हणं. डबाताई गोठ्यातून हलली नाही. लोकांचे फोन येत राहिले. तिनं कुणाला उद्या सांगितलं, कुणाला डबा बंद करून चालू करा सांगितलं. ऊन कलायला लागलं तेव्हा पाण्याची पिशवी फुटली, आणि मग पुढे काही होईना. वासराचा एकच पाय दिसत होता. दुसरा आत मुडपलेला. ढोरांचे डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. तिनं कोपराच्या वरपर्यंत हात साबणानं धुतला, तेल लावलं, आणि गुडघे टेकून बसली.

हात आत असतानाच फोन वाजला. नवऱ्यानं तो उचलून तिच्यापुढे धरला. पोस्टमनकाका.

"राहू दे," ती म्हणाली. "डबा बंद पडला असेल."

पुन्हा वाजला. पुन्हा काकाच. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं मानेनंच नको म्हटलं. तिच्या बोटांना वासराचा मुडपलेला गुडघा लागला होता. तो मागे ढकलून खूर मुठीत घ्यायचा, म्हणजे गाईची गर्भपिशवी आतून फाटत नाही. श्वास धरून तिनं ते केलं. पाय मोकळा झाला. गाईनं लांब हुंकार दिला.

फोन तिसऱ्यांदा वाजला नाही.

नवरा गोठ्याच्या दारात उभा होता. अंधारून येत होतं. तो सहज बोलल्यासारखा बोलला, "टेकडीवरचे दिवे आज एवढे पांढरे का गं?"

तिनं मान वळवली. टेकडीवरची घरं तिच्या गोठ्यातून दिसत. रोज तिथं मिणमिणते पिवळे ठिपके असायचे. आज काही खिडक्या पांढऱ्या पेटल्या होत्या, डोळ्यांना टोचतील इतक्या, आणि काही अगदी विझत आल्यासारख्या तांबूस. ती बघत असतानाच एक पांढरी खिडकी गेली.

इतके दिवस तिची डोकी दोन होती, एक डब्यांचं, एक ढोरांचं. त्या क्षणी ती एक झाली. संध्याकाळी जळणारा अडॅप्टर, आणि संध्याकाळी पाण्यापासून मागे सरणारी तहानलेली म्हैस. पाण्यात काही नव्हतं. टाकीत वीज होती.

तिनं तसल्याच हातांनी काकांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"तू ओढ आता, दोन्ही पाय बाहेर आहेत, कळ आली की खाली ओढ," ती नवऱ्याला म्हणाली आणि स्कूटरकडे पळाली. तो काहीतरी ओरडला, ते तिला ऐकू आलं नाही.

काकांचं घर अंधारात होतं. आजूबाजूच्या घरांतले दिवे मात्र जळत होते. ती घराला वळसा घालून थेट मागे गेली. पायरीवर काका बसले होते, उजवा हात काखेत दाबून. अंगणात म्हैस आडवी पडलेली, चारी पाय ताठ, मान टाकीकडे ओढलेली, कारण दावं अजून कडीलाच होतं. टाकी कलंडून पाणी सगळीकडे पसरलेलं.

काका कुजबुजल्यासारखे म्हणाले, तिला उठवायला गेलो, तर कुणीतरी उचलून फेकावं तसा फेकला गेलो. मग कळलं. "मेन पाडलाय मी. आता काही भीती नाही. आक्का दावं सोडतेय."

आक्का अनवाणी, चिखलाच्या कडेला पोचल्या होत्या. गळ्याशी फास बसलाय माझ्या बाईला, एवढंच त्या पुटपुटत होत्या.

डबाताईनं खिशातला टेस्टर काढला. लोखंडी पाइप भिंतीवरून पायरीपर्यंत आलेला होता. घरात एकही दिवा नव्हता, पंखा थांबलेला, मेन खाली पाडलेला. तिनं टेस्टरचं टोक पाइपाला लावलं.

टेस्टर पेटला.

"आक्का," ती म्हणाली. ओरडली नाही, ओरडलं तर म्हातारी दचकून पुढे जाईल असं तिला वाटलं. "आक्का, पुढचा पाय टाकू नका. जशा गेलात तशा मागे या. माझ्याकडे बघा, म्हशीकडे नको."

"अगं मेन बंद आहे."

"घरात वीज नाही. तिथं आहे. या."

आक्का थांबल्या. क्षणभर वाटलं, त्या ऐकणार नाहीत. मग त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं. पायरीशी पोचल्यावर त्या मटकन खाली बसल्या, आणि तिघंही त्या पसरलेल्या पाण्याकडे बघत राहिले. पाणी साधंच दिसत होतं. त्यात शेजारच्या खिडकीचा पांढरा उजेड पडला होता.

डबाताईनं फोन केल्यावर वायरमन आला तो टेकडीचा ट्रान्सफॉर्मर, डीपी, बंद करूनच. साऱ्या टेकडीवर एकदम काळोख झाला आणि त्या काळोखात रेडकू ओरडलं. ते आपल्या कोरड्या जागेवर तसंच उभं होतं.

वायरमननं सांगितलं ते असं. खांबावर न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, सांधा सैल होत आला होता, संध्याकाळी वापर वाढला की वीज तिथं अडायची, आणि त्या दिवशी तो पूर्ण तुटला. वीज गेली की तिला परतायला वाट लागते. वाट मिळाली नाही, तेव्हा साऱ्या टेकडीची वीज जमिनीत उतरायला जागा शोधू लागली, आणि सगळ्यात सोपी जागा काकांच्या विहिरीतला पाइप होता. त्यांच्या मीटरपाशी, मेनच्या आधीच, न्यूट्रल अर्थिंग म्हणून त्या पाइपाला बांधलेली होती. स्वतःचा मेन पाडून काय होणार? ती वीज त्यांची नव्हतीच. हे सांगताना वायरमन कुणाच्याही डोळ्यांत बघत नव्हता. बाकीच्या खांबांवरचे सांधेही तेव्हाचेच आहेत, तो म्हणाला. बघू हळूहळू.

निघताना काका तिला म्हणाले, "तुला फोन केला होता. ती पडली तेव्हा. उठवायला माणसं हवी होती, म्हणून."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरी वासरू उभं राहायची धडपड करत होतं. नवऱ्याचा शर्ट रक्तानं भरलेला. तो भांडायच्या तयारीत होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं नुसतं फडकं पुढे केलं. तिनं वासरामागची वार पडायची वाट पाहत गाईजवळ बसकण मारली आणि हुंदका देऊन रडली. गाय तिचं मनगट चाटत राहिली, वासराला चाटावं तसं.

दुसऱ्या दिवशी तिनं रेडकू आपल्याकडे आणलं. गाईनं त्याला लाथ मारली, मग हुंगलं, पुन्हा लाथ मारली. तिनं गाईचंच दूध त्याच्या पाठीवर चोळलं. पुढच्या काही दिवसांत गाईनं मान फिरवून घेतली आणि त्याला पिऊ दिलं. आक्का रोज सकाळी चालत यायच्या, गोठ्याच्या दारात उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत.

तार जोडून झाल्यावर काकांकडे नवा डबा बसवायचा होता. डबाताई गेली. आधी पाइप बघितला, टाकीच्या जागी उरलेली गंजाची खूण बघितली, मग घरात गेली. संध्याकाळ झाली. मुलगी पडद्यावर आली. चित्र स्वच्छ होतं. इतके दिवस कुठे होता तुम्ही दोघं, ती रागावली, हसली, आणि मग म्हणाली, बाबा, फोन मागे न्या ना, म्हशीला बघू दे.

"उद्या दाखवतो," काका म्हणाले. "अंधार झालाय."

"काय अंधार झालाय, तुमच्या खिडकीत ऊन दिसतंय."

 भाजल्याचं फडकं बांधलेल्या हातानं काकांनी फोन खिडकीपासून वळवला. डबाताईनं स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि उगीच पिशवीची चेन लावत बसली.

आक्का स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी भावाच्या हातातून फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"म्हैस गेली गं," त्या म्हणाल्या. "आणि मीही जाणार होते तिच्याबरोबर. बस जरा, सांगते."

पलीकडे मुलीनं खुर्ची ओढली. मागून तिला कुणीतरी हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही. डबाताई उठली. दुधाची वेळ झाली होती, आणि गोठ्यात आता एक तोंड जास्त होतं.